मुकादम ज्या संघटनेत बसतो ती मजुरांची संघटना नाही

थोडं लांब लिहितोय. उसाला जाणाऱ्या घरातल्यांनी शेवटपर्यंत वाचावं, आणि संघटनावाल्यांनी दोनदा वाचावं.

परवा ३० जुलैला मानवी तस्करी विरोधी दिन झाला. आपल्या तालुक्याच्या ठिकाणीपण कार्यक्रम होता. बॅनरवर अंधारात बसलेली मुलगी, हाताला साखळी. तीन भाषणं झाली. अनोळखी माणसानं नोकरीचं आमिष दाखवलं तर भुलू नका, मोबाईलवर ओळख झालेल्याबरोबर जाऊ नका, हेल्पलाइनला फोन करा. सगळं खरंय, कोणी चुकीचं बोललं नाही. पण त्याच वेळी रस्त्याच्या पलीकडं माझ्या झेरॉक्सच्या दुकानात तीन मुकादम नंबर लावून उभे होते. पाचशेचा स्टँप, आधारच्या झेरॉक्स, दोन साक्षीदार. मी टाईप करत होतो: "घरगुती अडचणीकरिता हातउसने म्हणून रोख रक्कम रुपये एक लाख वीस हजार फक्त घेतले."

त्या कागदात ऊस नाही. कारखाना नाही. टनाचा भाव नाही, किती महिने जायचं ते नाही, आजारी पडल्यावर काय ते नाही. बायकोचं नावसुद्धा नाही, खरं तर उचल नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला मिळालेली असते. सोबत सही केलेला कोरा चेक. अशा कागदांचे मी वर्षाला किती टाईप करतो ते विचारू नका. पोट आहे.

आणि हेही आधीच सांगून टाकतो. माझे वडील नऊ वर्षं मुकादम होते, बारा कोयत्यांची टोळी होती. त्यामुळं खाली जे लिहिलंय त्याबद्दल पहिल्या शिव्या मला घरातूनच पडणार आहेत.

आता गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या भावकीतलं एक जोडपं कर्नाटकातल्या एका कारखान्याला गेलं होतं. सोबत पंधरा वर्षांचं पोरगं. कारखान्याचा पट्टा लवकर पडला. मुकादमानं पट्टी केली आणि सांगितलं, अंगावर ४८ हजार बाकी फिरलीय. तुम्ही गावाकडं जा, पैसे घेऊन या, पोरगं राहू द्या इथंच. पोरगं एकोणीस दिवस मुकादमाच्या भावाच्या गोठ्यावर होतं. शेण काढायचं, वैरण कापायची. फोन काढून घेतलेला. आईबाप माझ्या दुकानात आले. मला वाटलं, संघटना आहे की. तालुक्याच्या पदाधिकाऱ्याला फोन लावला. माणूस ओळखीचा, मोर्चात पुढं असतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उचल घेतली होती का नव्हती? मग देऊन टाका की. आपल्याच माणसाला आपण गोत्यात आणायचं का?"

त्याच्या तोंडातला 'आपला माणूस' कोण, हे मला लगेच कळलं नाही. रात्री पडल्या पडल्या कळलं. मुकादम.

ठाण्यात गेलो तर उत्तर तयार होतं: हा देण्याघेण्याचा विषय आहे, कोर्टात जा. शेवटी आम्ही चार घरांनी मिळून ४८ हजार गोळा केले, नेऊन दिले आणि पोरगं घेऊन आलो. मी पावती मागितली. दिली नाही. येताना जीपमध्ये पोरगं झोपलं होतं आणि मला राहून राहून वाटत होतं, की आपण याला सोडवलं नाही, आपण याला विकत घेतलं.

आता मला सांगा, ही तस्करी नाही तर काय आहे?

आपल्याकडं तस्करी म्हटलं की बुधवार पेठ नाहीतर कामाठीपुरा आठवतो. ती आहेच, कोण नाही म्हणतं. पण राज्यघटनेचं कलम २३ काढून बघा. माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार, दोन्ही एकाच वाक्यात बंद केलेत. बाबासाहेबांच्या समितीनं ते दोन शब्द शेजारी बसवले ते उगाच नाही. आपण नंतर त्यांची फाळणी केली. एक शब्द पोलिसांकडं गेला, दुसरा तहसीलदाराकडं, आणि दोघंही म्हणतात तो आमच्याकडं येत नाही.

कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेचं कलम १४३, पूर्वीचं आयपीसी ३७०. शोषणासाठी कोणी माणसाला फसवून, धमकावून, सत्तेचा गैरवापर करून किंवा पैशाचं आमिष देऊन भरती केलं, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेलं, ठेवून घेतलं, तर तो अपव्यापार. आणि त्या माणसाची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. अल्पवयीन असेल तर शिक्षा किमान दहा वर्षं. म्हणजे "मर्जीनं गेला होता" हे जे आपण पारावर बसून म्हणतो, ते कायद्याला मान्यच नाही.

दुसरा कायदा १९७६ चा, वेठबिगार निर्मूलनाचा. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाची दुसरीकडं काम करायची मोकळीक गेली, किंवा हिंडायफिरायची मोकळीक गेली, की तो वेठबिगार. त्याचं ते कर्ज तिथंच संपलं, फेडायची जबाबदारी राहत नाही. आणि कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं काम पैसे देणाऱ्याचं, मजुराचं नाही. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं आणखी पुढं जाऊन सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात कोणी राबतोय तर तीसुद्धा सक्तीची मजुरी. सक्ती काठीचीच असते असं नाही, भुकेचीपण असते. १९८३ च्या डिसेंबरात बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात परत तेच.

कायदे एवढे आहेत की माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला बसलो तर रिम संपेल. मग अडतं कुठं? गुन्हा कोणी सांगायचा, इथं अडतं. मजूर एकटा सांगत नाही, त्याला पुढच्या वर्षी परत जायचंय. पोलिसांना दिसत नाही. तहसीलदार म्हणतो अर्ज आणा. तो अर्ज आणणारा, मजुराच्या मागं उभा राहणारा, आणि साहेब बदलून गेल्यावरसुद्धा तिथंच राहणारा एकच असू शकतो, तो म्हणजे संघटना. आणि माझं भांडण नेमकं तिथं आहे.

हे मी हवेत बोलत नाही. वसई भागात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली ती वेठबिगार आदिवासींच्या मुक्तीतूनच. याच १९७६ च्या कायद्यानं, तहसीलदाराच्या दारात बसून. १९९९ मध्ये लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेनं त्या दोघांना पुरस्कार दिला. त्यांच्या नंतरच्या राजकारणाबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणू द्या, मीपण म्हणतो कधीकधी. पण २०२२ मध्ये इगतपुरीकडची कातकरी पोरं मेंढ्या वळायला नगर जिल्ह्यात दिली होती, काही हजार रुपये आणि एखादं मेंढरू घेऊन. त्यातली दहा वर्षांची एक मुलगी दगावली. तेव्हा हे प्रकरण लावून धरलं ते याच संघटनेच्या कार्यकर्त्यांनी. त्यानंतर पटापट गुन्हे दाखल झाले, पोरं परत आणली गेली.

आता दुसरं उदाहरण बघा. जून २०२३, आपला शेजारचा धाराशिव जिल्हा. विहीर खोदायला आणलेल्या मजुरांना ठेकेदार रात्री साखळीनं बांधून ठेवायचे. दिवसभर विहिरीत, रात्री साखळीत. एक जण कसाबसा पळाला, त्यानं पोलिसांना सांगितलं, म्हणून बाकीचे सुटले. तिथं संघटना नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं, नुसता एजंट होता. जिथं संघटना नसते तिथं पळून जाणं एवढाच उपाय उरतो, आणि सगळ्यांना पळता येत नाही.

आपल्याकडं मात्र संघटना आहेत. एक नाही, डझनभर. कोयता बंदची हाक दिली की बीड-पाथर्डीपासून गाड्या थांबतात, एवढी ताकद. त्या जोरावर कितीजण आमदार-मंत्री झाले ते तुम्हाला माहिती आहे. मग आमच्या पोरासाठी संघटनेचा हात का उचलला नाही?

बोर्ड वाचा. 'ऊसतोडणी कामगार, वाहतूकदार व मुकादम संघटना'. एका दमात लिहिलेलं असतं. बैठकीला कोण जातं? मुकादम. वर्गणी कोण गोळा करतं? मुकादम. तालुका अध्यक्षाच्या घरात किमान एक मुकादम. जो माणूस उचल देतो, वही लिहितो, पट्टी करतो, खाडा लावतो, बाकी काढतो, तोच मजुराचा पुढारी. कोंबड्यांच्या संघटनेत मुंगसाला खजिनदार केल्यासारखं आहे हे.

तुम्ही म्हणाल, भाव वाढला की दोघांचाही फायदा. बरोबर. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात साखर संघ आणि संघटना बसल्या, शरद पवार आणि पंकजाताई मुंडे होत्या, ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ वरून ३६६. चांगलं झालं, मी तेव्हा अभिनंदनाची पोस्टसुद्धा टाकली होती. त्याच बैठकीत मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं. आता हिशेब मांडा. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरू. ७३२ रुपये, दोन माणसांचे. म्हणजे माणशी ३६६. पहाटे चारला फडात, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, रात्री अकराला ट्रॅक्टर आला तर अकराला उठायचं. दहा कोयत्यांच्या टोळीमागं मुकादमाला दिवसाला १,४६४. त्याचं कमिशन टनावर, तेव्हा त्याचा जीव शेवटच्या टनात अडकलेला. बाळंतीण चौथ्या दिवशी फडात यावी यात त्याचा फायदा. पोरगं शाळेपेक्षा वाढे गोळा करायला आलं तर फायदा. सुट्टीत तोटा, दवाखान्यात तोटा. तो माणूस वाईट असायची गरजच नाही. हिशेबच तसा आहे.

आणि उचलीचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. एक लाख वीस हजार भागिले ३६६ म्हणजे ३२८ टन. दिवसाला दोन टन तोडले तर १६४ दिवस. साडेपाच महिने एकही खाडा न करता, न खाता, न दवाखान्यात जाता. आणि आता बऱ्याच कारखान्यांचा हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांवर आलाय. शंभर दिवसांचे होतात ७३,२०० रुपये. उरले ४६,८००. आमच्या पोराच्या डोक्यावर ४८ हजार होते. म्हणजे बघा, त्याच्या बापानं आळस केला नव्हता की दारू पिली नव्हती. उचल घेतली त्या दिवशीच ती न फिटणारी होती. आणि आपल्या संघटना दर वर्षी मोठ्या आवाजात काय सांगतात? "आम्ही उचल वाढवून मिळवून दिली." अरे बाबांनो, तुम्ही दावं लांब केलं, खुंटा तिथंच आहे.

यावर मला दरवेळी एक उत्तर मिळतं: मजूरपण कमी नाहीत, उचल घेऊन पळून जातात, दोन मुकादमांकडून घेतात, वाहतूकदार बुडालेत. हे खरं आहे. मी नाकारत नाही. ट्रॅक्टरचे हप्ते थकलेली पोरं माझ्या दुकानात फसवणुकीच्या फिर्यादी टाईप करायला येतात, डोळ्यात पाणी असतं. माझ्या वडिलांचं तेच झालं. २००६ मध्ये टोळीतले पाच कोयते रातोरात गेले. कारखान्याचा पैसा वाहतूक ठेकेदाराच्या अंगावर, ठेकेदाराचा वडिलांच्या अंगावर, आणि वडिलांची दोन एकर गेली. मुकादम काही आकाशातून पडलेला राक्षस नाही, तो बहुतेक वेळा कालचा कोयतावाला असतो. पण म्हणूनच विचार करा. कारखान्यानं धोका ठेकेदारावर ढकलला, ठेकेदारानं मुकादमावर, मुकादमाकडं तारण ठेवायला शेवटी काय उरलं? माणूस. ज्याच्याकडं तारण म्हणून माणूसच आहे तो माणूसच डांबणार. चेअरमन साहेबांना कधी कोणाला डांबावं लागत नाही, त्यांच्यासाठी खाली दोन पायऱ्या ठेवल्यात. विचारलं की उत्तर ठरलेलं, आमचा मजुराशी करार नाही. कागदावर खरंच नसतो. माझ्या कॉम्प्युटरवर टाईप झालेला कागद बघा, हातउसने.

यातून बाहेर पडता येतं का? येतं. आपल्याच राज्यात येऊन दाखवलंय, आणि तेही पन्नास वर्षांपूर्वी. मुंबईच्या गोदीत, बाजारात माथाडी कामगार होते, त्यांच्याही टोळ्या होत्या, त्यांचेही मुकादम होते. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं, लढे झाले, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. त्या कायद्यानं काय केलं? मुकादमाला फाशी दिली नाही. त्याच्या हातातून पैसा काढून घेतला. कामगाराची नोंदणी मंडळाकडं, मालकाची नोंदणी मंडळाकडं. मालकानं मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं कामगाराला द्यायची. त्यातूनच भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. मंडळात कामगार, मालक आणि सरकार तिघंही. टोळी राहिली, टोळीचा मुकादमपण राहिला, पण तो त्यांच्यातलाच एक कामगार म्हणून, सावकार म्हणून नाही. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं तेच केलं. आज माथाडीत काय काय घुसलंय, बोगस नोंदण्या, खंडण्या, ते मलाही माहिती आहे. तरी माथाडीचं पोरगं बाकीपोटी कोणाच्या गोठ्यावर ठेवल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

त्याच्याआधी गिरण्यांमध्येही जॉबर होता. नोकरी तोच लावायचा, दस्तुरी घ्यायचा, व्याजानं पैसे द्यायचा. १९२८ च्या संपात गिरणी कामगार युनियन वाढली ती खात्याखात्यातल्या गिरणी कमिट्यांवर, जॉबरच्या डोक्यावरून कामगारांशी थेट बोलून. म्हणजे कोकणातून, घाटावरून गेलेल्या आपल्याच आजोबा-पणजोबांना जे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं ते आपल्याला व्हॉट्सअ‍ॅप असून कळत नाही.

ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथराव मुंडेंच्या नावानं महामंडळ झालं, टनामागं कारखान्यांकडून दहा रुपये आणि तेवढेच सरकारचे, असं ठरलं. पोरांसाठी वसतिगृहं. ओळखपत्रं. चांगल्या गोष्टी आहेत, हव्यातच. पण महामंडळ कल्याण करतं, मजुरी मुकादमाच्या वहीतूनच जाते. वही जोपर्यंत त्याच्याकडं आहे तोपर्यंत ओळखपत्र गळ्यात अडकवून माणूस वेठबिगार राहू शकतो.

बायकांचं तर बोलूच नये अशी पद्धत आहे. २०१९ मध्ये बीडच्या गर्भाशयांच्या बातम्या देशभर गेल्या, नीलमताई गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांचा सर्व्हे झाला आणि १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणं बऱ्याच प्रकारची सांगितली गेली, डॉक्टरांचा धंदा वगैरे. तोही असेल. पण एका दिवसाचा खाडा पडला की पाचशे-हजार रुपये वहीत लागतात, हे कारण ज्या बाईला महिन्याला चार दिवस भोगावं लागतं तिला विचारा. आणि पोरगी चौदा-पंधराची झाली की लग्न का उरकतात? कोयता पूर्ण करायला. अर्ध्या कोयत्याला अर्धी उचल. बालविवाह आणि तस्करी आपण दोन वेगळ्या बॅनरवर छापतो, इथं ती एकाच वहीत एका ओळीवर आहे. आता मला एकाही संघटनेची अशी तालुका कमिटी दाखवा जिच्यात कोयता चालवणारी बाई आहे. 'महिला आघाडी' नको, तिथं पुढाऱ्याची वहिनी असते. कोयता चालवणारी.

मग संघटनांनी करायचं काय, असं मला परवा एका कार्यकर्त्यानं विचारलं. जरा चिडूनच. तो जुना मित्र आहे म्हणून मोकळं लिहितो. पहिलं म्हणजे मुकादमांची संघटना वेगळी करा. त्यांचे प्रश्न खरे आहेत, त्यांनी स्वतंत्र लढावं, वाटलं तर मजुरांनी पाठिंबा द्यावा. पण ज्याच्या हातात उचलीची वही आहे त्याला मजुरांच्या संघटनेचं सभासदत्व नाही, एवढी एक ओळ घटनेत घाला. बघा किती पदाधिकारी उरतात. मग सभासद नोंदणी कोयत्यामागं एक नको, माणसामागं एक. नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी, पावती दोघांच्या हातात. टोळी निघायच्या आधी गावात याद्या करा. कोण गेलं, कोणत्या कारखान्याला, कोणाबरोबर, उचल किती, सोबत लेकरं किती. त्याला सरकार लागत नाही, शंभर पानी वही लागते. कर्नाटकातल्या, गुजरातेतल्या कारखान्यांच्या भागात तिथल्या कामगार संघटना आहेत, लाल बावट्याच्या असोत की कोणाच्या, त्यांचे नंबर घ्या. आपलं माणूस तिथं अडकलं तर इथून जीप करून जायच्या आधी तिथला माणूस फडावर पोचला पाहिजे.

आणि भाव ठरवायच्या बैठकीत पुढच्या वेळी उचल वाढवा म्हणू नका. मजुरी थेट ज्याच्या त्याच्या खात्यावर, आठवड्याला, वजनाच्या स्लिपसह, आणि कारखाना हाच मालक, हे मागा. कारखानदार लगेच हार्वेस्टरची भीती घालतील. हार्वेस्टर तर येतच आहेत, अनुदानावर येत आहेत. तुम्ही गप्प बसलात म्हणून कोणी मशीन थांबवलेलं नाही.

अजून एक. १९७६ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती सांगितली आहे, कलेक्टर अध्यक्ष. तिच्यात अनुसूचित जाती-जमातीचे तीन जण, सामाजिक कार्यकर्ते दोन, ग्रामीण विकासाचे काही, आणि बँकेचा एक प्रतिनिधी. बँकेचा आहे बघा. कामगार संघटनेसाठी म्हणून जागाच नाही. पण सामाजिक कार्यकर्त्याच्या जागेवर संघटनेचा माणूस बसवायला कोणाची बंदी नाही. किती संघटनांनी आजवर कलेक्टरला पत्र देऊन ती जागा मागितली? पत्र टाईप करून द्यायला मी आहे, पैसे घेणार नाही. मुक्ती प्रमाणपत्र मिळालं तर केंद्राच्या योजनेत पुरुषाला एक लाख, बाईला आणि लेकराला दोन लाख, अगदी वाईट प्रकरणात तीन लाख पुनर्वसनाचे आहेत. ते पूर्ण पैसे आरोपीला शिक्षा होण्याशी बांधून ठेवलेत, आणि वेठबिगार ठेवणाऱ्याला या कायद्यात शिक्षा किती? तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. हेल्मेट, पीयूसी आणि लायसन नसलं तर यापेक्षा जास्त बसतो. यावर एक तरी मोर्चा निघायला हवा होता की नाही?

मला माहितीय, काहीजण म्हणतील की 'तस्करी' शब्द वापरून जिल्ह्याची बदनामी करतोय. बदनामी कशानं होते, शब्दानं का गोठ्यावर ठेवलेल्या पोरानं? ते पोरगं आता घरी आहे. दहावीला बसणार होतं, बसलं नाही. त्याच्या बापानं परवा परत उचल घेतली. चार घरांचे ४८ हजार त्याला परत करायचेत ना. आम्ही कोणी मागितले नव्हते, पण त्याला झोप लागत नव्हती म्हणे. कागद दुसऱ्या दुकानात टाईप केला, माझ्याकडं यायला लाज वाटली असेल. मीपण त्याला अडवलं नाही, कारण अडवून देणार काय होतो.

माझं दुकान उद्यापासून हातउसनेचा कागद टाईप करणार नाही. करायचाच असेल तर त्यात मजूर, कारखाना, टनाचा भाव, कामाचे महिने आणि बायकोचं नाव लिहून करू, नाहीतर समोर दोन दुकानं आहेत. ज्यांच्याकडं गेल्या दोन-तीन हंगामातल्या पट्टीच्या चिठ्ठ्या, स्लिपा असतील त्यांनी नाव झाकून फोटो इनबॉक्सला पाठवा, मी मांडणी करून कलेक्टर ऑफिसला आणि सगळ्या संघटनांना देणार आहे. वडिलांच्या वह्या माळ्यावरून काढल्यात, सात आहेत, १९९८ पासूनच्या. ज्यांचे आईवडील त्या टोळीत होते त्यांनी यावं, आपापला हिशेब बघावा. वडील घरीच असतात, त्यांना मी सांगितलंय. दोन दिवस बोलले नाहीत, काल म्हणाले, येऊ दे.